स्लीव्ह आधी

हर्षाली, स्लीव्ह आधी ओवायची, मग डाक द्यायचा.
तीनदा सांगितलं तुला, आणि आज
मीच विसरलो.
जोड झाला बशीतल्या तुपासारखा, लख्ख,
आणि काळी नळी तिकडं टेबलावर,
बोटभर लांब, माझ्याकडं बघत.

हसू नकोस. इस्त्री तापू दे पुन्हा.

मी सावद्याचा. केळीच्या बागांच्या मोटरी भरतो,
साडेसातच्या, दहाच्या.
विहिरीतून वर आली की उचलायला दोन माणसं लागतात.
तुझी ही मुठीत मावते,
पण जळाल्या वार्निशचा वास
दोघींचा एकच.

गाडीसोबत आलेला पांढरा कनेक्टर फेकू नकोस,
बघत जा अधूनमधून त्याच्याकडं.
एका कडेनं पिवळा पडलाय, एका कडेनं वाकलाय.
खेळायला पुरेसा होता.
रेसची मोटर मात्र सुटतानाच चाळीस अँपिअर मागते,
आणि त्या पत्र्याच्या जिभा एवढ्याशा;
एका फटीतून सगळी पंगत उठल्यासारखं होतं.
हा पिवळा बघ, साठचा.
दोन कोपरे तासलेले, उलटा बसतच नाही.
ज्यानं घडवला
त्याचा माणसाच्या घाईवर भरवसा नसणार.

भोकांची बाजू बॅटरीला, पिनांची गाडीला.
डाक देताना समोरचा जोडीदार आत खोचून ठेव,
नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरळ्या होतात.
वायरीला आधी कल्हई, पिनेलाही.
मग दोघींना फक्त भेटवायचं.
आणि लाल-काळी एकदम कापायची नाही कधी.
मी कापली होती. ती कात्री अजून आहे दुकानात,
पात्याला उंदरानं कुरतडल्यासारखी खाच.

मागच्या रविवारी चौथ्या चकरेत
तुझी गाडी रडायला लागली, आठवतं?
या धरणगावच्या बंद जिनिंगमध्ये
सहा वर्षांत एक गाठ आलेली नाही,
तरी मोटर खोलली तर शाफ्टवर सूत!
अंगणातली पुंजी तिनं स्वतःच कातून घेतली होती,
घट्ट, बारीक, विकता येईल असं.
वॉचमन उखर्डूबाबा वाकून बघत म्हणाले,
मिल बंद व्हयनी, कापूस नही.
तेव्हापासून चिमटा आणि दात घासायचा जुना ब्रश
तुझ्या डब्यात असतो. असू दे.

सगळे म्हणतात ब्रशलेस घ्या.
घेऊ, दिवाळीनंतर, तुझ्या पप्पांना विचारून.
तोवर ही ऐक. कार्बन घासतो त्याचा आवाज असतो,
झिजला की खरखरतो, घाण साचली की ठिणगी निळ्याची पिवळी होते.
नव्या ब्रशला कमी व्होल्टवर निवांत फिरू द्यायचं,
कम्युटेटरची गोलाई त्याला कळेपर्यंत.
बुशला तेल एक थेंब. दुसरा थेंब कचरा बोलावतो.

आणि मे महिन्यात पिनियनचे दोन दात कमी.
माहीत आहे, सरळ पट्टीवर पारोळ्याचा तो पोरगा
पुढं जाईल तुझ्या. जाऊ दे.
गाडी थांबली की मोटरवर बोट ठेवायचं
आणि मोजायचं, एक, दोन, तीन.
तीनला बोट उचललंस तर अजून एक दात.
त्याच्याकडं तापमान मोजायची बंदूक आहे,
आकडा दाखवते, पण तो बघत नाही.

धर ती वायर. सरळ धर.
नळी घातली ना?
मागं सरकव अजून, इस्त्रीची धग लागून तिथंच आवळेल.

दुसऱ्यांदा दिलेला डाक पहिल्याइतका चमकला नाही.
चालेल.
लायटर फिरवला, नळी आवळली,
आणि तू वायर दोनदा ओढून पाहिलीस,
जोरात, माझ्यावर भरवसा नसल्यासारखी.

अस्संच. प्रत्येक वेळी.
जा, नंबर पुकारलाय.